शिंगट्यासाठी जागवलेली रात्र यशस्वी झाली, असे नेमके केव्हा म्हणावे?

भीमाकाठ

सर्वांना नमस्कार. गेली अकरा वर्षे मी उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवण आणि पळसदेवच्या दरम्यान, रात्रीचा गळ टाकतो आहे. माझा ओढा सुरुवातीपासून शिंगट्याकडे. कटला किंवा रोहू मिळाला तर आनंद होतो, पण रात्र मी जागवतो ती मिशीवाल्या माशांसाठी. सकाळी घरी आलो की शेजारी, मित्र, कार्यालयातले सहकारी सगळेच एक प्रश्न विचारतात, "किती किलो?" इतकी वर्षे मी त्याचे सरळ उत्तर देत आलो. परंतु या उन्हाळ्यातल्या दोन रात्रींनंतर हा प्रश्नच अपुरा आहे असे मला वाटू लागले आहे, म्हणून हा धागा.

पहिली रात्र एप्रिलच्या अखेरची. एका ओळखीच्या माणसाने सांगितलेल्या जागी मी बसलो आणि चार शिंगटे मिळाले. त्यांतला सर्वांत मोठा सहा किलोंच्या आसपास होता. दुसरी रात्र मे महिन्यातली. त्या रात्री एकही मासा काठावर आला नाही, पण तीन ओढी मिळाल्या आणि तिन्ही वेळा गळ सुटला. तरीही माझ्या मते या दोहोंतली यशस्वी रात्र दुसरी होती. त्याचे कारण सविस्तर सांगतो.

शिंगटा अंधारात डोळ्यांवर फारसा विसंबत नाही. त्याच्या मिशांवर आणि अंगावरही चव ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यामुळे आमिषाची चव पाण्यातून त्याच्यापर्यंत पोहोचली की तो तिचा माग काढत येतो. म्हणजेच पाणी कुठल्या दिशेने सरकते आहे, हे आमिषाच्या निवडीहून अधिक महत्त्वाचे ठरते. उन्हाळ्यात उजनीवर दुपारनंतर बहुधा पश्चिमेचा वारा सुटतो आणि पृष्ठभागावरचे पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकलले जाते. त्याच्याबरोबर शेवाळाचे कण जातात, ते खाणारे लहान मासे जातात आणि अंधार पडल्यावर त्यांच्या मागे शिंगटाही उथळ पाण्यात येतो. दुसरी गोष्ट अशी की पुण्याकडून येणाऱ्या सांडपाण्यामुळे इथले पाणी उन्हाळ्यात गर्द हिरवे होते. हे हिरवे शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते, मात्र रात्रभर तोच वापरते. त्यामुळे वारा पडलेल्या रात्री सूर्योदयाच्या आधीच्या तासाभरात पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. पहाटे चिलापी पृष्ठभागावर तोंडे उघडून हवा घेताना आपण सर्वांनीच पाहिली आहे. अशा पाण्यात शिंगट्याला अन्नाची वासना राहत नाही.

हे सगळे जुळवून मे महिन्यातल्या त्या दिवशी संध्याकाळी मी वहीत लिहिले होते की, पूर्वेच्या काठाला, पाण्याखाली गेलेल्या जुन्या गावठाणाच्या भिंतींच्या रेषेत, नऊ ते साडेअकरा या वेळेत ओढ मिळेल, वारा पडला की ती थांबेल आणि पहाटे काहीही मिळणार नाही. पहिली ओढ नऊ वाजून चाळीस मिनिटांनी मिळाली, दुसरी दहा वाजून पाच मिनिटांनी आणि तिसरी अकराला. त्यानंतर वारा पडला आणि दिवस उजाडेपर्यंत रॉडच्या टोकाला बांधलेले घुंगरू एकदाही वाजले नाही. मासे सुटले ते माझ्या चुकीने, कारण चिलापीच्या तुकड्यात गळाचे टोक पूर्ण बुडाले होते आणि ते माशाच्या जबड्यात रुतलेच नाही. एप्रिलमध्ये चार मासे का मिळाले, हे मला आजही सांगता येत नाही. मेमध्ये एकही का मिळाला नाही, हे मी मिनिटांच्या हिशेबाने सांगू शकतो.

माझे म्हणणे असे की सकाळी उठून निघताना "असे का झाले" याचे उत्तर ज्या रात्रीतून मिळाले, ती रात्र यशस्वी. इतरांचा अनुभव आणि मत जाणून घ्यायला आवडेल.

नवा_गळवाला

फार उपयुक्त धागा. मी या वर्षीच सुरुवात केली असून आतापर्यंतच्या सहा रात्रींत मला केवळ दोन लहान शेंगाळ मिळाल्या आहेत. आपण वहीत नेमके काय लिहिता, हे कृपया सांगावे. आणि आमिष म्हणून गांडूळ चांगले की कोंबडीचे काळीज?

भीमाकाठ

वहीत मी तिथी, वाऱ्याची दिशा आणि तो पडल्याची वेळ, पाणी चढते आहे की उतरते आहे, हाताला पाणी कोमट लागते की गार, प्रत्येक ओढीची वेळ आणि गळ किती खोलीवर होता एवढे लिहितो. मासा मिळाला तर त्याच्या पोटात काय निघाले, हेही लिहितो. खरे तर सर्वांत जास्त ज्ञान त्यातूनच मिळते. एकदा सलग तीन शिंगट्यांच्या पोटात गोड्या पाण्यातील झिंगे निघाले. त्यानंतर मी त्या काठाला काळीज वापरणे सोडले. गांडुळाला लहान मासेच अधिक लागतात आणि काळीज चवीला तीव्र असले तरी फेकताना गळावरून निसटते. चिलापीचा ताजा तुकडा कातडीसकट लावावा, परंतु गळाचे टोक उघडे ठेवावे. माझी चूक आपण करू नये.

इंदापूरची_सून

दादा, आपण मनापासून लिहिले आहे, म्हणून मीही मनापासून लिहिते. माझे सासर भोई समाजाचे असून आमचे घर याच पाण्यावर चालते. "किती किलो" हा प्रश्न आपल्याला अपुरा वाटतो, पण आमच्या घरी सकाळी तो पहिला विचारला जातो आणि तो विचारणे चूक नाही. संध्याकाळी जाळी टाकायची, पहाटे काढायची आणि उजाडता उजाडता माल भिगवणच्या बाजारात पोहोचवायचा. त्यात चिलापी किती आणि शिंगटा किती, यावर त्या दिवसाचा हिशेब ठरतो. शिंगट्याला बारीक काटे नसतात, म्हणून गिऱ्हाईक त्याला चांगला भाव देते. चिलापी ढिगाने मिळाली तरी तिचा भाव तेवढा नसतो.

मात्र आमच्याकडेही नुसते किलो मोजले जात नाहीत, हे मला सांगायचे आहे. शिंगटा जाळ्यात सापडतो तो बहुतेक वेळा त्याच्या काट्यांमुळे. पाठीवरचा एक आणि दोन्ही कल्ल्यांमागचा एकेक, असे तिन्ही काटे तो ताठ उभे करून अडकवून ठेवतो, मग ते कितीही दाबले तरी मिटत नाहीत. कल्ल्यांमागच्या काट्यांच्या आतल्या कडेला करवतीसारखे दाते असतात आणि जाळ्याचा एकेक धागा त्या दात्यांत बसलेला असतो. माझ्या सासूबाई कंदिलाजवळ मांडीवर जाळे घेऊन बसतात, डाव्या हाताने माशाचे डोके ओल्या फडक्यात धरतात आणि उजव्या हाताने पकडीने काट्याचे टोक मोडतात. मासा त्या वेळी कर्रकर्र असा आवाज करत असतो. तो आवाज त्याच्या घशातून येत नाही, काटा खोबणीत घासल्याने येतो. एका मोठ्या माशाला कधी कधी अर्धा तास लागतो आणि तरीही हातभर जाळे कापावेच लागते. ज्या रात्री मासा मिळाला आणि जाळेही शाबूत राहिले, ती आमच्या घरची चांगली रात्र.

एक तक्रारही मांडते आणि ती कुणा एकाविषयी नाही. हौसेने गळ टाकायला येणारे लोक तुटलेला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, काठावर आणि पाण्यात तसाच सोडून जातात. तो आमच्या जाळ्यांत गुंततो, पाखरांच्या पायांत गुंततो. मागच्या हिवाळ्यात माझ्या मुलाने पायाला तंगूस आवळलेला एक बगळा सोडवला, परंतु त्याचा पाय काळा पडला होता. आपली रात्र यशस्वी झाली की नाही, हे ठरवताना मागे काय राहिले, हेही पाहावे, एवढी विनंती आहे.

भीमाकाठ

ताई, आपले म्हणणे पूर्णपणे मान्य. माझ्या पहिल्या लेखनात ज्यांचे पोट या पाण्यावर आहे त्यांचा विचार आला नव्हता, ही उणीव होती. ज्याची सकाळी घरी पगार वाट पाहतो आहे, त्याने किलोंना गौण म्हणणे सोपे असते. तंगुसाच्या बाबतीतही आपण म्हणता ते खरे आहे आणि माझ्या हातूनही ते घडले आहे. बुडालेल्या भिंतींना गळ अडकला की ओढून तोडण्यावाचून उपाय नसतो, पण काठावरचा तुकडा गोळा करणे तरी माझ्या हातात आहे.

खाडीकिनारा

रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठी वाढलेला मी माणूस. आमच्याकडे याला गरवणे म्हणतात, गळाला गरी म्हणतात आणि रात्रीच्या अंधारात खाडीत शिंगाळ्यासाठी, म्हणजे समुद्री शिंगट्यासाठी, गरी टाकणे ही लहानपणापासूनची सवय. भीमाकाठ यांनी वाऱ्याविषयी जे लिहिले, ते आमच्याकडे भरती-ओहोटीला लागू पडते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ साधारण कळते. अष्टमीला आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेले असते. हा ठोकताळा आहे, त्यात थोडे मागेपुढे होते आणि खाडीत जितके आत जावे तितका उशीर धरावा लागतो. आमच्या खाडीत शिंगाळा खातो तो पाणी चढू लागल्यावर पहिल्या दीड-दोन तासांत आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागल्यावर पुन्हा थोडा वेळ. पाणी थांबले की त्याचेही खाणे थांबते. म्हणून संपूर्ण रात्र जागण्याचे काही कारण नाही, पंचांग पाहून जावे आणि काम झाले की घरी येऊन झोपावे. रात्र किती तास जागलो, यावर यश मोजणारे लोक मला कधीच पटले नाहीत.

आता एक प्रसंग सांगतो, कारण त्याने माझे मोजमाप बदलले. काही वर्षांपूर्वी एका रात्री आमिषासाठी लहान मासे हवे होते म्हणून मी पाग, म्हणजे फेकायचे जाळे, टाकला आणि त्यात हातभर लांबीचा शिंगाळा आला. त्याचे तोंड नेहमीपेक्षा फुगलेले दिसले. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर तोंडात गोट्यांएवढी पिवळसर अंडी भरलेली होती आणि काही अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसत होते. समुद्री शिंगाळ्यांमध्ये नर अंडी तोंडात घेऊन पिल्ले बाहेर पडेपर्यंत सांभाळतो आणि त्या काळात काही खात नाही, हे मी ऐकून होतो. प्रत्यक्ष पाहिले ते तेव्हाच. या माशाला अंडी थोडी असतात, इतर माशांसारखी लाखांनी नसतात, त्यामुळे असा एक नर मारला की पुढची एक अख्खी वीण जाते. घाबरून त्याने चार-पाच अंडी तोंडातून बाहेर टाकली होती. तो तसाच पागासकट पाण्यात खाली धरला आणि हळूच जाळे सोडवले. त्या रात्री नंतर गरीला काहीच लागले नाही. माझ्या आठवणीतल्या उत्तम रात्रींपैकी ती एक आहे.

जेम्सकाठी

मी मूळचा सोलापूरचा, गेली चौदा वर्षे अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या रिचमंड शहराजवळ राहतो. इथल्या जेम्स नदीत ब्लू कॅटफिश हा शिंगट्याचा दूरचा भाऊबंद मुबलक आहे, त्यामुळे उजनीची आठवण मी इथे काढत असतो.

इथे यशाचे माप जवळजवळ पूर्णपणे वजनाचे आहे. याच राज्याच्या सीमेवरील केर जलाशयात 2011 साली 143 पौंडांचा, म्हणजे सुमारे 65 किलोंचा ब्लू कॅटफिश गळाला लागला आणि तो त्या जातीचा विश्वविक्रम ठरला. फ्लॅटहेड या दुसऱ्या कॅटफिश जातीचा 123 पौंडांचा विक्रम 1998 साली कॅन्सास राज्यात झाला. अनेकजण अशाच एका माशाच्या आशेने वर्षानुवर्षे रात्री काढतात आणि तीस पौंडांचा मासा मिळाला तरी खिन्न होऊन परततात. मला हे माप चुकीचे वाटते, त्याचे एक कारण या नदीतच आहे. ब्लू कॅटफिश इथला मूळचा मासा नाही. 1970 च्या दशकात हौशी मासेमारीसाठी तो व्हर्जिनियातल्या नद्यांत सोडण्यात आला, पुढे तो चेसापीक उपसागराच्या सगळ्या खोऱ्यात पसरला आणि आता तिथले खेकडे आणि स्थानिक मासे फस्त करतो आहे. म्हणून ज्या रात्री मला दोन-तीन पौंडांचे दहा मासे मिळतात आणि ते सगळे मी घरी आणून रस्सा करतो, ती रात्र या नदीच्या दृष्टीने एका अजस्र माशाच्या छायाचित्रापेक्षा अधिक चांगली असते. शिवाय मोठा मासा म्हणजे म्हातारा मासा आणि त्याच्या चरबीत वर्षानुवर्षांचे विषारी द्रव्य साठलेले असते. इथला आरोग्य विभाग जेम्स नदीतले मोठे ब्लू कॅटफिश खाऊ नयेत असे स्पष्ट सांगतो. उजनीच्या पाण्याविषयी भीमाकाठ यांनी जे लिहिले ते वाचल्यावर, तिथला सहा किलोंचा शिंगटा खाण्यापेक्षा दोन किलोंचा खावा, असे मी सुचवेन.

कृष्णाकाठचा_प्रवासी

जेम्सकाठी यांच्या मुद्द्याला आपल्याकडेही जोड आहे. आफ्रिकी मागूर हा बाहेरून आलेला मिशीवाला मासा पाळण्यावर भारत सरकारने 2000 सालीच बंदी घातली, तरी चोरून पाळलेल्या तळ्यांतून तो ओढ्या-नद्यांत पोहोचलाच. तो गळाला लागला तर दया दाखवून पाण्यात सोडू नये. आपला इथला मिशीवाला मासा शिवडा मात्र दिवसेंदिवस कमी दिसतो आहे, तो लागला तर सोडून द्यावा.

परंतु माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे. मी सांगली जिल्ह्यातल्या भिलवडीकडचा. आमच्या कृष्णेत मगरी आहेत, ही बातमी नसून रोजचे वास्तव आहे. चार वर्षांपूर्वी मी पाण्यापासून दोन हातांवर बसलो होतो, पहिलाच शिंगटा काठावर साफ करून त्याची आतडी मी पाण्यात टाकली होती. काही वेळाने घुंगरू वाजले म्हणून कपाळावरचा दिवा लावला, तर समोर दहा-बारा हातांवर पाण्याच्या रेषेत दोन तांबूस डोळे चमकत होते. मागे सरकण्याच्या गडबडीत माझा तळहात टोपलीतल्या माशाच्या काट्यावर पडला. ती कळ कोपरापर्यंत चढली आणि मोटारसायकलचा हातात ब्रेक धरवेना. तालुक्याच्या ठिकाणच्या डॉक्टरांनी हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे 45 अंशांच्या, बुडवून ठेवायला लावला आणि अर्ध्या तासात वेदना निम्म्यावर आली. उष्णतेने या विषाचा जोर कमी होतो. पाणी आधी दुसऱ्या, चांगल्या हाताने तपासावे, कारण दुखऱ्या हाताला चटका कळत नाही. धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्यावे लागले.

तेव्हापासून मी पाण्यापासून दहा पावले दूर आणि उंचावर बसतो, मासा घरी नेऊन साफ करतो, एकटा जात नाही आणि थर्मासमध्ये चहाबरोबर दुसऱ्या थर्मासात नुसते गरम पाणी नेतो. माझ्या आईला रात्रीच्या यशाचे एकच लक्षण माहीत आहे, पहाटे फाटकाची कडी वाजणे. मी तिच्याशी वाद घालत नाही.

इंदापूरची_सून

गरम पाण्याचा उपाय आमच्या घरीही करतात, तो लिहिल्याबद्दल आभार. पावसाळ्याच्या तोंडावर एक आठवण करून देते. आता मादी शिंगट्याचे पोट गाभोळीने भरलेले असेल. पहिल्या पावसाचे गढूळ पाणी येऊ लागले की हे मासे काठाला जोराने खातात आणि हौशी लोकांना ते सोपे जाते. आमच्या सासऱ्यांच्या काळी त्या दिवसांत आपणहून जाळी बंद ठेवत. आज प्रत्येकाला ते परवडत नाही, परंतु ज्यांना परवडते त्यांनी तरी ते करावे.

नवा_गळवाला

भीमाकाठ काकांनी मला या शनिवारी सोबत येण्यास सांगितले आहे. वही घेतली आहे.

भीमाकाठ

शनिवारच्या रात्रीचा वृत्तांत लिहितो. जून महिन्यातली पहिली वळवाची सर दुपारी होऊन गेली होती आणि ओढ्याच्या मुखाशी पाणी चहासारखे झाले होते. नव्या मित्राने त्याच्या वहीत लिहिले की ओढ ओढ्याच्या मुखाशी, गढूळ आणि हिरव्या पाण्याच्या सीमेवर मिळेल. मी लिहिले की वारा नसल्याने मिळणार नाही. दहा वाजून वीस मिनिटांनी त्याचे घुंगरू वाजले.

घाई न करता त्याने रॉड वाकू दिला, मग उचलला. जवळजवळ दहा मिनिटांनी शिंगटा उथळ पाण्यात आला. मादी होती, तीन किलोंची असावी, पोट दोन्ही बाजूंनी फुगलेले. गळ तोंडाच्या कोपऱ्यात लागला होता. मी ओल्या टॉवेलने तिला काट्यांच्या मागे धरले, त्याने पकडीने गळ काढला आणि आम्ही तिला गुडघाभर पाण्यात, ओढ्याच्या प्रवाहाकडे तोंड करून धरून ठेवले. दोन-तीन मिनिटे ती केवळ कल्ले हलवत राहिली. मग शेपटीचा एक फटका त्याच्या मनगटावर बसला आणि ती गेली. त्याचा हा आयुष्यातला पहिला मोठा शिंगटा होता आणि सोडायचे की नाही, हे मी त्याला विचारले नव्हते. त्यानेच सांगितले की ताईंचा प्रतिसाद त्याने वाचला आहे.

पुढे पहाटेपर्यंत काही नाही. उजाडल्यावर दोघांनी मिळून पाऊण किलोमीटर काठ चालून तंगूस गोळा केला. सिमेंटच्या रिकाम्या पोत्याचा तळ भरला. त्यात सात गळ आणि शिशाचे पाच गोळे निघाले. माझा अंदाज चुकला होता. वहीत मी त्यापुढे लिहिले आहे की पहिल्या पावसाचे पाणी आत येत असेल, तर वाऱ्याकडे पाहू नये.